शिवराई उकरण्याची सोपी पद्धत

गेल्या आठवड्यात कुरियरनं माझ्याकडे एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, आली. कापसात गुंडाळलेली आणि सत्यनारायणाच्या कलशासारखी लखलखीत. "सर, खास तुमच्यासाठी चिंच-मीठ लावून घासली," असा विकणाऱ्याचा प्रेमळ फोन. तांब्यावर कित्येक पिढ्यांत चढलेला हिरवट-काळा थर पंधरा मिनिटांत गेला, आणि जाताना 'श्री राजा शिव'मधली 'श्री'ही घेऊन गेला. त्या आनंदात नवशिक्यांसाठी हे चार सल्ले.

आधी जमिनीतला धातू हुडकणारं मशीन घ्या. ऑनलाइन मिळतं, घरपोच येतं. मग किल्ल्याचा पायथा गाठा, तोही रात्रीच. संरक्षित स्मारकात खणायला बंदी असल्याचा फलक तिथं असतोच, त्याला कुदळ टेकवून ठेवता येते. २०२५च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोकांनी एक सिनेमा पाहून मोहरांसाठी शेतं उकरली. हातात बॅटऱ्या, मशीनं, नुसती जत्रा. खड्डे बुजवायचे नसतात बरं का. शेत ज्याचं आहे तो बुजवेल.

तांदूळ स्वतःकडे ओढणारं 'चमत्कारी' नाणं कुणी देत असेल, तर तांदूळही त्याच्याकडूनच घ्या.

रामदरबाराचं, ईस्ट इंडिया कंपनीचं, १८१८चं 'नाणं' सापडलं तर ते देवघरातच ठेवा. बाहेर काढलंत तर ते बनावट आहे हे ओळखून जाणकार हसतात.

शिवराई विकताना ती थेट महाराजांच्या काळातली म्हणूनच विका. ती पेशवाईतही पाडली जायची, ही दुदांडी (नंतरच्या काळातली, दोन आडव्या रेघांची) आहे का, असले प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक लगेच ब्लॉक करा.

कायद्याची भीती नको. १८७८चा निखात निधी कायदा म्हणतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा. दहा रुपये! एवढ्यात वडापाव येत नाही, म्हणजे कायदा आपल्यासाठी नव्हेच. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, हे वाचू नका. कळवलं तर शोधणाऱ्याला त्यात कायद्यानं वाटा मिळू शकतो, हे तर मुळीच वाचू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडगं सापडलं तर ते जागेवरच फोडा. माझ्या शिवराईचं असंच झालं म्हणे. किती होती? "असतील शे-सव्वाशे." कुठं सापडलं? "ते सोडा ना सर." बरोबर आणखी काही होतं? "खापरं होती, टाकून दिली." बाकीची नाणी? "पाच जणांत वाटली, निम्मी गेलीसुद्धा." फार छान. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त नाणी, नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या ९,२७० नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजानं, गौतमीपुत्र सातकर्णीनं, आपला छाप पुन्हा मारलेला. काहींवर सातवाहनांच्या डोंगराच्या चिन्हाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो की गौतमीपुत्रानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश बुडवला. शिलालेखात काय, कुणीही काहीही कोरून घेईल. पण हरलेल्याच्या हजारो नाण्यांवर जिंकणाऱ्याचा शिक्का, हा ढीग एका जागी होता म्हणून तर मोजता आला! त्या दिवशी तिथं ही पाच जणांची टोळी असती तर? प्रत्येकाच्या पिशवीत अडीच-तीन हजार, आणि मग रोज एकेक फोटो: 'रेअर सातवाहन, शेवटचे दोन पीस, भाव करू नये.' आणि ज्यांच्यावर दोन छाप दिसतात ती 'खराब कंडिशन' म्हणून अर्ध्या भावात. किंवा सरळ सोनाराच्या मुशीत.

जाऊ दे, हे उपरोधाचं नाटक मला जमत नाही. अरे बाबा, तू धन शोधलं नाहीस. पुस्तकाची पानं फाडलीस आणि मला एक पान विकलंस, तेही धुऊन. ते गाडगं कुणी पुरलं, कुठल्या वाटेवर, कुणाच्या धास्तीनं, ते आता कुणालाच कळणार नाही, आणि तुला त्यातून काय मिळालं? दीड हजार. आणि ते देणारा मूर्ख मी. ठिकाण न विचारता आधी पैसे पाठवले, मग प्रश्न सुचले. तेव्हा मलाही त्या टोळीतला सहावा धर.

आता एक कर. उरलेल्या चौघांना आजच फोन लाव. ज्यांची नाणी घासायची राहिली असतील त्यांना म्हणावं, मातीसकट तशीच ठेवा. आणि ती खापरं कुठल्या बांधावर फेकलीत, तेवढं आठव.