निर्मळ मनाने खरेदी कशी करावी

९ फेब्रुवारीला चॉकलेट डे. तुम्हाला कुणाला तरी चॉकलेट द्यायचंय आणि नेमकं आदल्या आठवड्यात कुठल्याशा रीलमध्ये पाहिलंत की चॉकलेटमागे लहान मुलांचे हात असतात. झाली का पंचाईत? चॉकलेट तर द्यायचंच आहे, मनही निर्मळ राहायला हवं. घाबरू नका, जमतं. थोडा सराव लागतो, एवढंच.

पहिलं म्हणजे, हळहळायचं तर लांबच्यासाठी हळहळा. त्यासाठी कोकोसारखं पीक नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. दोन्ही इतके लांब, की तिथलं पोर तुमच्या सोसायटीच्या गेटवर येऊन उभं राहण्याची सुतराम शक्यता नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधन केंद्राने २०२० साली अहवाल दिला, की या दोन देशांत मिळून सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या कामात आहेत. ओझी वाहतात, फवारणीत असतात, कोयत्याने फळं फोडतात. आकडा पाठ करून ठेवा, जेवणावळीत कामाला येतो. सांगताना ‘कोयत्याने’ या शब्दावर आवाज जरा खाली आणायचा. समोरच्याचा हात बर्फीवरून मागे येतो.

कंपन्यांवर मात्र चिडू नका. त्या प्रयत्नात आहेत, आजपासून नव्हे, २००१ पासून. त्या वर्षी अमेरिकेत हार्किन-एंगेल करारावर सह्या झाल्या. कोकोतल्या बालमजुरीचे सगळ्यांत वाईट प्रकार २००५ पर्यंत संपवायचे ठरले. २००५ उजाडलं तेव्हा २००८ ठरलं. मग २०१० मध्ये असं ठरलं की २०२० पर्यंत संपवायचं नाही, ७० टक्क्यांनी कमी करायचं. ज्याने आपल्या गावातला उड्डाणपूल होताना पाहिलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तरीही टोचत असेल तर पाकिटावर शिक्का शोधा. हिरवा बेडूक, म्हणजे रेनफॉरेस्ट अलायन्स या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का, मिळाला तर उत्तम. फक्त त्या बेडकाच्या मागे जाऊ नका. प्रमाणित आणि साधा कोको कारखान्यात एकत्र मिसळायला नियमात मुभा असते. जेवढा प्रमाणित माल विकत घेतला तेवढ्या मालावर शिक्का मारायचा, हिशेब कागदावर जुळला की झालं. आपल्या डेअरीत नाही का, साऱ्या गावचं दूध एकाच टाकीत पडतं! पिशवी घरी आल्यावर हे कुठल्या गाईचं असं कुणी विचारतं का? जादा पैसे कुठल्या तरी शेतकऱ्यापर्यंत जातात, हे खरं आहे आणि तेही काही कमी नाही. पण तुमच्या तोंडातल्या तुकड्याचा आणि त्या शेतकऱ्याचा संबंध असेलच असं नाही.

कपड्यांचं त्याहून सोपं. टॅगवर देशाचं नाव असतं, ते वाचायचं आणि थांबायचं. बांगलादेश दिसलं तर राणा प्लाझा आठवून एक उसासा टाका. २४ एप्रिल २०१३. आदल्या दिवशी इमारतीला भेगा दिसल्या तेव्हा तिच्यातल्या बँकेने माणसं घरी पाठवली, शिवणकामाच्या कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी कामावर बोलावली. इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. उसासा झाला की शर्ट ट्रायल रूममध्ये न्या.

टॅगवर लिहितात तो देश शिवणाऱ्यांचा. सूत कुणी काढलं, हे तिथे नसतं. तमिळनाडूच्या गिरण्यांत कोवळ्या मुलींना तीन वर्षांच्या बोलीवर आणून हॉस्टेलात ठेवत, आणि रक्कम शेवटी एकदम, लग्नाला उपयोगी पडावी म्हणून. मधेच आजारी पडून घरी गेली तर ती रक्कमही गेली. योजनेचं नाव सुमंगली. बघा, नावातच हळदीकुंकू आहे. सरकीचं तर बोलूच नका. संकरित कापसाच्या बियाण्यासाठी एकेका फुलाचं हाताने क्रॉसिंग करावं लागतं, म्हणजे एका जातीचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलाला लावायचा. झाड कमरेएवढं, फूल नाजूक, म्हणून बोटंही लहान लागतात. राजस्थानातल्या डुंगरपूरची आदिवासी पोरं त्यासाठी गुजरातेत नेली जायची. एवढं छापायचं तर टॅग शर्टापेक्षा लांब होईल.

आता मुख्य सल्ला. यंदा परदेशी चॉकलेट नकोच, देशी क्राफ्ट चॉकलेट घ्या. केरळातल्या इडुक्कीचा कोको, पाकिटावर मळ्याचं नाव, ७० टक्के डार्क. थट्टा नाही, यातली काही मंडळी शेतकऱ्याला खरंच बरा भाव देतात. या ७० टक्क्यांची पार कुंडली मागा. बी कुणाच्या मळ्यातलं, किती दिवस आंबवलं, कुठे वाळवलं. दुकानदार हौसेने सांगेल.

उरलेले ३० टक्के मात्र विचारू नका. ती साखर आहे.

साखरेत देशात वरची राज्यं दोनच, उत्तर प्रदेश आणि आपण. म्हणजे विचारलंत की वाटेत ऊसतोड मजुरांचं बीड लागतं. तिथेही कोयता आहे, पण तो हत्यार म्हणून मोजत नाहीत, माणसं म्हणून मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल एक, ती बहुधा नवऱ्याच्या हातात. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीचाही खाडा, बाळंतपणाचाही खाडा, मग डॉक्टर म्हणतो पिशवीच काढून टाकू. २०१९ साली सरकारने समिती नेमली. एकट्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत अशा पिशवी काढलेल्या बायका निघाल्या १३ हजारांहून जास्त. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली असल्यामुळे याला वेठबिगारी म्हणता येत नाही. उचल म्हणजे ॲडव्हान्स, आणि ॲडव्हान्स तर आयटीवालेही घेतात.

आई पहाटे फडात जाते तेव्हा कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, दहा वर्षांची थोरली असते. धाकटं सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते, दुपारी मोळ्या बांधायला हात लावते. तिला कुणी बालमजूर म्हणत नाही, ती नुसती आईबरोबर आलेली असते. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत केली तर चालते. तिची शाळा दसऱ्यालाच सुटली आहे, पाडव्यापर्यंत.

पण हे झालं विचारल्यावरचं. तुम्ही विचारणार नाही आहात. चुकून तोंडातून निघालंच, “आणि साखर कुठली हो?” तर दुकानदार क्षणभर तुमच्याकडे बघेल, पाकीट उलटं करून बघेल आणि म्हणेल, “साखर होय? ती साधीच आहे.” तेवढ्यावर समाधान माना आणि गिफ्ट रॅप करायला सांगा. रिबन लाल मागा, सोनेरीचे वेगळे घेतात.