खार्किव्हशी इंग्रजीत, मराठीबद्दल

पहिलीपासूनच्या हिंदीवरून २०२५च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात रान उठलं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नागपूरच्या मावसभावाने लिहिलं, ‘युक्रेनने रशियनचं जे केलं, तेच आपण हिंदीचं करायला हवं.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. मी लीड्सला राहतो आणि दर आठवड्याला एका युक्रेनियन बाईंशी ऑनलाइन इंग्रजीत गप्पा मारतो. त्यामुळे ते वाक्य मला तसंच सोडून देववेना.

गप्पांची ही सोय एन्जिन नावाची संस्था करते. २०२० पासून ती इंग्रजी येणारे स्वयंसेवक आणि युक्रेनियन विद्यार्थी यांची गाठ घालून देते. शिकवायचं नसतं, नुसतं बोलायचं. माझं मराठी वळणाचं इंग्रजी चालेल का, हे मी आधीच विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, ‘माझ्या मीटिंगला पोलंडचे लोक असतात, हॉलंडचे असतात, बंगळुरूचे असतात. बीबीसीसारखं तिथे कोण बोलतं?’

बाई खार्किव्हच्या, पेशाने अकाउंटंट. वीज कधी जाणार त्याचं वेळापत्रक पाहून आमची वेळ ठरते. युद्धाआधी तिथल्या मेडिकल कॉलेजांत आपल्याकडची पुष्कळ मुलं होती, त्यामुळे भारतीय माणूस त्यांना नवा नाही. त्या लहानपणापासून घरी रशियनच बोलत आल्या. २०२२ नंतर ठरवून युक्रेनियनवर आल्या. म्हणजे पंचेचाळिशीत एक भाषा अंगवळणी पाडताहेत आणि दुसरी शिकताहेत. हल्ल्यांमुळे खार्किव्हने मेट्रो स्थानकांत शाळा भरवल्या, त्यांचा मुलगा तिथे युक्रेनियनमधून शिकतो. आजीशी मात्र तो अजून रशियनच बोलतो आणि त्यावरून घरात कुणी भांडत नाही.

मावसभावाची तुलना मला पटत नाही. रशियाच्या झारने १८७६ मध्ये युक्रेनियन पुस्तकं छापण्यावरच बंदी घातली होती. मराठीवर अशी वेळ हिंदीने आणलेली नाही. हिंदी सिनेमा तर आपल्याच मुंबईत वाढला. सक्तीला विरोध योग्यच होता, पण त्यासाठी दुसऱ्याचं युद्ध उसनं कशाला आणायचं?

घ्यायचंच तर तिथलं वेगळं काही घेता येईल. २०१९च्या कायद्याने युक्रेनियन ही सरकारी कामाची आणि शाळांची भाषा म्हणून पक्की केली. जानेवारी २०२१ पासून दुकानदाराने गिऱ्हाईकाशी आधी युक्रेनियनमध्ये बोलायचं. गिऱ्हाईकाने सांगितलं तर दुसऱ्या भाषेत. दुकानदार युक्रेनियनमध्ये नाही बोलला तर तक्रार सरकारी भाषा आयुक्तांकडे जाते. आधी ताकीद, मग दंड. आपल्याकडे मीरा रोडला मिठाईवाल्याच्या कानाखाली वाजवली आणि भाषेचं काम झालं असं समजलं गेलं.

आणि ज्या देशाने हे केलं, त्यानेच २०२४ मध्ये इंग्रजीसाठीही कायदा केला. वरिष्ठ अधिकारी, सरकारी वकील, लष्करी अधिकारी यांना इंग्रजी आलंच पाहिजे. मूळ मसुद्यात इंग्रजी चित्रपट डबिंगशिवाय दाखवण्याचंही कलम होतं. त्यावर मोठी ओरड झाली, कारण युक्रेनियन डबिंग ऐकत तिथे एक पिढी वाढली आहे. कलम गेलं, कायदा राहिला. एवढी बारकाईची भांडणं आपल्याकडे कधी होतात? २९ जूनला हिंदीचे जीआर मागे घेतले, ५ जुलैला वरळीला विजयी मेळावा झाला. बंद पडत चाललेल्या मराठी शाळांसाठी तेवढी गर्दी मी अजून पाहिलेली नाही. मावसभावाच्या दोन्ही मुली इंग्रजी माध्यमात आहेत. त्यात गैर काही नाही, पण मराठी वाचायची गोडी त्यांना कोण लावणार, हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. त्याने उलट विचारलं, ‘इंग्रजी आलं की तुझ्या बाई देश सोडणार, मग उपयोग काय?’ तसं नाहीये. खार्किव्हमध्येच बसून डच कंपन्यांचे हिशेब लिहिता यावेत म्हणून त्या शिकताहेत. पुढच्या वेळी आम्ही व्हॅटवर बोलणार आहोत, आणि त्यात माझंच इंग्रजी कच्चं आहे.