आशांचं प्रशिक्षण म्हणजे चहा-बिस्किटं?

"आशांना आणि सिस्टरना एकदा शिकवलं की झालं. पुन्हा पुन्हा प्रशिक्षण म्हणजे चहा-बिस्किटं आणि जनतेच्या पैशाची नासाडी. गटप्रवर्तक नुसत्या सह्या करत फिरतात. तो पैसा औषधांना द्या." सांगली जिल्ह्यातल्या ग्रुपांवर हे सध्या जोरात फिरतंय. माझ्या वहिनी जत तालुक्यात आशा, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आहेत; गटप्रवर्तक म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या ताई. त्यांना ते पाठवलं आमच्याच चुलतभावानं, वर हसण्याच्या इमोज्या लावून.

"एकदा शिकवलं की झालं" हे सगळ्यात येडपट. तान्ह्या बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो, कारण तो एका लयीत चालत नाही. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चुकलंच. बाळ २ महिन्यांच्या आतलं असेल आणि ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजायचं; परत तेवढेच आले तर थेट दवाखाना. पुढं वर्षापर्यंत ही हद्द ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. असं बाळ वस्तीवर रोज भेटत नाही, त्यामुळं हात आणि नजर दोन्ही बोथट होतात. शिवाय शिकवलेलंच बदलतं. पोलिओच्या इंजेक्शनचा नवव्या महिन्याचा डोस २०२३ पासून आला. दहा वर्षांपूर्वी शिकलेलीला तो स्वप्नात कळणार होता का?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. शेजारच्या तुलनेतल्या गावांशी ताडून पाहिलं तर नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही: दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जायचे, नोंदी पडताळायचे, चुका सुधारून शिकवायचे. उपचार मात्र करायचे नाहीत, ते त्या बाईचं काम. म्हणजे शिकवून सोडून दिलं नव्हतं.

चहा-बिस्किटांवर काय बोलायचं? दिवसभर बसवलेल्या बाईला चहा द्यायचा नाही का? आणि औषधं हवीतच, पण किती वजनाच्या बाळाला किती द्यायचं हे बाटली सांगत नाही.

सह्यांचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. रजिस्टर, ॲप, अहवाल यातच गटप्रवर्तकांचा दिवस जातो आणि काही प्रशिक्षणांत पडद्यावरचं नुसतं वाचून दाखवतात. पण त्यावर उपाय म्हणजे देखरेखच बंद करायची? वहिनींचं म्हणणं, गटप्रवर्तक ताईंनी रजिस्टर नंतर बघावं, आधी एका बाळंतिणीच्या घरी बरोबर यावं आणि मी श्वास कसा मोजते ते बघावं.