इंजिन बदला, पण त्याच्या संसारासकट

अमेरिकेतल्या जंकयार्डात उभ्या असलेल्या शेवरले सिल्व्हराडो पिकअपच्या काचेतून व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचायचा आणि आठवं अक्षर बघायचं. टी असेल तर आत ५.३ लिटरचं एलएम७ आहे: लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमची हेडं, साधारण २८५ हॉर्सपॉवर. झेड असेल तर त्याचंच इथेनॉल पचवणारं भावंड, एल५९. १९९९ ते २००७ दरम्यान ही इंजिनं जनरल मोटर्सच्या ट्रकांमध्ये लाखोंनी गेली. आता ती भंगारातून निघून १९७३ ते ८७ च्या चौकोनी तोंडाच्या शेवरले सी-१० पिकअपमध्ये उतरताहेत. १९७८ च्या सी-१० चं मूळ सहा सिलिंडरचं इंजिन सव्वाशे हॉर्सपॉवरच्याही आतलं. त्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे.

असं काम आपल्याकडे कोणाला जमणार नाही असं नाही. अ‍ॅम्बॅसडरचं पेट्रोल इंजिन उतरवून मेटाडोरचं डिझेल चढवायचे दिवस अनेकांना आठवत असतील. जुन्या महिंद्रा जीपचं हरिकेन पेट्रोल काढून डिझेल टाकणारे हात कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून गोव्यापर्यंत सापडतात. सगळं अडतं ते आरसी बुकापाशी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. नियमाला चालतं ते त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन. आरटीओला कळवून आणि नवा नंबर आरसीवर चढवून.

यावर आपल्याकडे वाद पेटला की एक गट म्हणतो, ‘गाडी माझी, इंजिन माझं, तुमचं काय जातं?’ दुसरा म्हणतो, ‘जुनी गाडी भंगारात घाला, विषय संपला.’ दोघांनीही कॅलिफोर्नियाचा नियम एकदा नीट वाचावा. तो पहिल्या गटाला वाटतो तितका मोकळा नाही आणि दुसऱ्याला हवा तितका बंदही नाही.

नियम असा. नवं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि गाडीइतक्या किंवा त्याहून कडक प्रदूषण निकषावर प्रमाणित झालेलं हवं. हलक्या गाडीत जड वर्गाच्या गाडीचं इंजिन चालत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात: जड कामाच्या ‘२५००’ सिल्व्हराडोतलं ६ लिटरचं एलक्यू४ स्वस्तात मिळतं म्हणून उचलतात, ते जड वर्गात मोडतं आणि पास होत नाही. जवळपास तसंच एलक्यू९ कॅडिलॅक एस्कलेडमधून आलं तर चालतं. आणि मुख्य अट: इंजिनाबरोबर त्याची प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री यायला हवी. सगळं म्हणजे सगळं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यांच्या पुढचे-मागचे मिळून चार ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ धरणारा चारकोलचा डबा आणि त्याचा पर्ज व्हॉल्व्ह, न छेडलेला कॉम्प्युटर, डॅशवर पेटणारा ‘चेक इंजिन’ दिवा. हे पाहायला एक पंच असतो, त्याला रेफरीच म्हणतात, आणि त्याची केंद्रं बहुतेक कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात असतात. तो पास झाला म्हणाला की दाराच्या खांबावर स्टिकर लागतो, आणि पुढे दर दोन वर्षांनी स्मॉग, म्हणजे धूर, तपासणारा त्या स्टिकरप्रमाणे गाडी तपासतो.

नुसतं इंजिन आणून चालत नाही, त्याचा संसारही आणावा लागतो. गंमत म्हणजे रेफरी नसता तरी शहाण्या मिस्त्रीने तेच केलं असतं, कारण अर्धा संसार सोडून आलेलं इंजिन नीट चालतच नाही.

पेट्रोलचंच बघा. सी-१० चा मूळ यांत्रिक पंप कार्बोरेटरला पाच-सात पीएसआय दाब देतो. एलएम७ च्या इंजेक्टरना ५८ लागतो. टाकीच्या आत नवा पंप हवा, आणि रेग्युलेटर अंगातच असलेला कॉर्व्हेटचा फिल्टर टाकीजवळ बसवला की ३/८ इंचाची एकच नळी पुढे न्यावी लागते, परतीची नळी मागेच वळते. पंप टाकीबाहेर चेसिसला टांगणारे उन्हाळ्यात रडतात: पंपाला पेट्रोल खेचणं जमत नाही, ढकलणं जमतं. गरम पेट्रोलची वाफ झाली की चढावर गाडी धापा टाकते आणि मालक इंजेक्टर बदलत बसतो.

पाण्याचा घोळ त्याहून चोरटा. या इंजिनाच्या हेडांमधून वाफ वर सोडणारी एक बारीक नळी असते, ती रेडिएटरच्या वरच्या बाजूला जोडायची असते. जुन्या रेडिएटरला तिच्यासाठी जागाच नसते, म्हणून कोणी ती बूच लावून मोकळा होतो. मग मागच्या सिलिंडरांभोवती हवा अडकते. काटा नॉर्मल दाखवतो, कारण सेन्सर पुढे आहे, आणि मागचं हेड गॅस्केट जातं. ७०६ क्रमांकाची हेडं असतील तर टॅपेट कव्हर उघडून आत ‘कास्टेक’ या ओतकाम करणाऱ्या कंपनीची खूण आहे का ते इंजिन विकत घेण्याआधीच पाहावं. त्यातल्या काही हेडांना तडे जाऊन पाणी ऑइलमध्ये उतरतं, बाहेर थेंबही दिसत नाही.

इंजिन बाहेर आहे तोवर ऑइल चेंबर खोलून ऑइल पिकअपचं ओ-रिंग बदलावं. काही रुपड्यांचं रबर. ते चिरलं की पंप हवा ओढतो आणि ऑइल प्रेशर पडतं. इनटेकखालच्या खोलगटात नॉक सेन्सर बसतात, तिथे पाणी झिरपून ते गंजतात. तेही आताच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे शेवटचे बोल्ट बहुधा आधीच तुटलेले असतात.

गिअरबॉक्सबाबत सल्ला: जुना तीन गिअरचा टीएच३५० ठेवायचा हट्ट सोडा. या इंजिनाच्या क्रँकचं टोक जुन्या स्मॉल-ब्लॉकपेक्षा जवळजवळ १० मिलिमीटर आत असतं, म्हणून स्पेसर लागतो. तो विसरलात तर टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात नीट बसत नाही आणि पंपाचा चुरा होतो. डोनर ट्रकचाच, म्हणजे ज्यातून इंजिन काढलं त्याचाच, चार गिअरचा ४एल६०ई आणलात तर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह मिळतो, कॉम्प्युटरला वेगाचा सिग्नल मिळतो, आणि रेफरीचे प्रश्नही कमी होतात. क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागेल आणि प्रोपेलर शाफ्ट सुमारे तीन इंच कापावा लागेल, तोही मोजून, गाडी चाकांवर उभी असताना.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. बॅटरीचा सततचा पॉझिटिव्ह, इग्निशनचा पॉझिटिव्ह, पंपाचा रिले, पंख्यांचे रिले आणि अर्थिंग, एवढंच जुन्या गाडीशी जोडायचं. मात्र २००३ नंतरच्या बऱ्याच ट्रकांत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते. तिथे पेडल, थ्रॉटलचा मॉड्यूल आणि कॉम्प्युटर हे तिघे एकाच डोनरचे हवेत, नाहीतर एकमेकांना ओळखत नाहीत. विचित्र बिघाडांपैकी बहुतेकांचं मूळ अर्थिंगमध्ये सापडतं: हेड ते फायरवॉल आणि इंजिन ते चेसिस, दोन्ही पट्ट्या रंग खरवडून लावा. आणि रेफरीकडे जायच्या आदल्या दिवशी बॅटरी काढू नका. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या पुसल्या जातात आणि त्या पुन्हा पुऱ्या व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते.

आता कॅलिफोर्नियातल्या व्यवस्थेची दुसरी बाजू. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणीच नाही. म्हणजे ७५ च्या सी-१० मध्ये काहीही घाला, ७८ च्या गाडीला मात्र संपूर्ण संसार. तीन वर्षांच्या फरकाने एका ट्रकची किंमत चढते आणि दुसरा कुंपणापाशी गंजतो. ही रेघ पुढे सरकवून पस्तीस वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना सूट द्यावी, असं विधेयक टीव्हीवरचे विनोदवीर आणि जुन्या गाड्यांचे संग्राहक जे लेनो यांच्या पाठिंब्याने २०२५ मध्ये आलं. ते समितीतच अडकलं. ते अडकलं हे माझ्या मते बरंच झालं, नाहीतर संसाराची अटही सुटली असती.

रेफरीचं लक्षही फक्त धुरावर. या पिकअपच्या पेट्रोल टाक्या चेसिसच्या पट्ट्यांच्या बाहेर, दोन्ही कुशींना लटकतात. बाजूने धडक बसली तर पेट घेण्याच्या धोक्यावरून अमेरिकन सरकारची चौकशी झाली आणि १९९४ मध्ये कंपनीने तडजोड केली. इंजिन दुप्पट ताकदीचं करताना टाकी मागे, दोन पट्ट्यांच्या मध्ये न्यावी, मागचे ड्रम ब्रेक तपासावेत, हे कोणीही विचारत नाही. या बाबतीत आपल्या पासिंगच्या रांगेत उभा असलेला टेम्पोवाला जास्त प्रश्न ऐकतो.

आपल्या नियमामागे एक खरं कारण आहे, ते ‘गाडी माझी’वाल्यांनी मान्य करायला हवं. आपल्याकडे गाडीची ओळख चेसिस नंबर आणि इंजिन नंबर या दोघांवर उभी आहे. चोरीची गाडी ओळखायला दोन्ही लागतात, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणाऱ्या प्रत्येक इंजिनाची जन्मकुंडली कोण तपासणार? कॅलिफोर्नियात मालकीचा कागद व्हीआयएनवर चालतो. त्यामुळे इंजिन बदलणं हा तिथे मालकीचा प्रश्नच होत नाही.

पण पेट्रोल इंजिन काढून विजेची मोटर बसवायला आपल्याकडे परवानगी आहेच: एआयएस-१२३ मानकाप्रमाणे मंजूर झालेलं किट, आरसीवर नोंद. अशा किटची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. सीएनजीचंही तसंच. म्हणजे ‘मूळ तपशील बदलायचा नाही’ या नियमाला भोक आधीच पडलेलं आहे. मग धूर ओकणाऱ्या जुन्या डिझेल जीपमध्ये भारत स्टेज ४ चं कॉमन रेल इंजिन संसारासकट बसवायला वाट का नको? डोनर गाडी रीतसर भंगारात निघाल्याचं प्रमाणपत्र, त्यावरचा इंजिन नंबर आणि एका तपासनीसाची यादी एवढं पुरेल. ती यादी लहानच आहे: इंजिन आणि ईसीयू, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, एकाच गाडीतले, अ‍ॅक्सिलरेटर पेडल त्याच गाडीचं, धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारा ईजीआर बूच न लावलेला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनापासून मूळ अंतरावर, पाणी वेगळं करणाऱ्या डिझेल फिल्टरचा सेन्सर जोडलेला, बिघाड वाचायचं ओबीडीचं सॉकेट स्टिअरिंगखाली हाताला लागेल असं, आणि किल्ली फिरवली की आधी पेटणारा नि मग विझणारा इंजिनाचा दिवा. आणि कॅलिफोर्नियातल्या रेफरीकडे नसलेली एक ओळ त्यात मी घालीन: ब्रेक.