आम्ही कुएन्काचे परप्रांतीय

2025 च्या जून-जुलैत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी जुंपायची. पहिलीपासून हिंदी आणण्याचा सरकारी निर्णय, मग 29 जूनला तो मागे घेणं, मग मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला झालेली मारहाण. डोंबिवलीचा भाचा म्हणायचा, इथे राहायचं तर भाषा शिका, नाहीतर चालू पडा. पुण्याची चुलतबहीण म्हणायची, पोटासाठी आलेल्या माणसाच्या कानाखाली वाजवून कुठली भाषा वाढते रे? मी दोघांनाही अंगठे पाठवत होते. परदेशात बसून एवढं तरी शहाणपण येतं.

एक दिवस भाच्याने मलाच गाठलं. "मावशी, तू तिथे काय करतेस? तुला येते का त्यांची भाषा?"

तिथे म्हणजे कुएन्का. दक्षिण अमेरिकेतल्या एक्वाडोर देशात, अँडीजच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून 2,560 मीटरवर वसलेलं शहर. चार नद्या, निळ्या घुमटांचं कॅथीड्रल, बारा महिने स्वेटर. या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ बोटचेपी व्हायला फार वेळ लागतो. न्यू जर्सीहून आणलेल्या सहा बॅगांपैकी एका बॅगेत कपड्यांत गुंडाळलेला माझा जुना पाच लिटरचा कुकर होता. नवऱ्याने वजनावरून कटकट केली होती. आता तोच शिट्ट्या मोजतो.

न्यू जर्सीत चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर घराच्या कराचा कागद हातात आला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. मालमत्ता कराच्या बाबतीत ते राज्य अमेरिकेत सगळ्यात महागड्यांपैकी. एक्वाडोरमध्ये निवृत्तांसाठी व्हिसा आहे. तिथल्या किमान वेतनाच्या तिप्पट पेन्शन दरमहा येते एवढं दाखवायचं. 2025 साली किमान वेतन 470 डॉलर, म्हणजे 1,410 डॉलर झाले, आणि जोडीदारासाठी थोडे वर. चलन डॉलरच. 1999 साली तिथल्या बँका कोसळल्या, सुक्रे नावाचं त्यांचं चलन एका डॉलरला पंचवीस हजारांवर जाऊन मेलं आणि 2000 पासून देशाने अमेरिकेचाच डॉलर घेतला. आमची पेन्शन येताना एक सेंटही झिजत नाही. त्यांची आयुष्यभराची बचत मात्र तेव्हा झिजली होती, हे मला इथे आल्यावर कळलं.

"पुण्याला का नाही आलात?" हे सगळेच विचारतात. गुडघे, रहदारी, धूळ अशी उत्तरं मी देते. खरं उत्तर असं की आपल्या गावाकडून माणूस फार मागतो. रिक्षावाला हिंदीत बोलला की राग येतो, ओळखीचं दुकान दिसलं नाही की जीव खाली होतो. परक्या गावाकडून काही येणंच नसतं. तिथे बस वेळेवर आली तरी आनंद होतो.

आणि बस निम्म्या तिकिटात. पासष्टीनंतर इथे बस, ट्राम, नाटक-सिनेमा निम्म्यात, बँकेत वेगळी रांग, आणि विक्रीकरातला काही भाग परत. आम्हा परदेशी रहिवाशांनाही हे मिळतं. आपल्याकडे रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये करोनाच्या नावाखाली गेली ती गेलीच. हे ग्रुपवर लिहिलं तर भाचा म्हणाला, "पण आपल्याकडे टीव्ही स्टुडिओत बंदुका घेऊन कोणी शिरत नाही." बरोबर आहे. जानेवारी 2024 मध्ये ग्वायाकिलला ते घडलं, थेट प्रक्षेपण चालू असताना, आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी देशात अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला. कुएन्का शांत राहिलं, पण बाजारातले चेहरे शांत नव्हते. त्याच वर्षी पाऊस रुसला, धरणं आटली, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दिवसाला चौदा-चौदा तास वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात डोंबिवलीचं लहानपण आठवलं. तर स्वर्ग वगैरे काही नाही.

भाषेचं सांगते.

आल्या आल्या मला वाटलं, स्पॅनिश आपल्याला सोपी जाणार. पोर्तुगीज ही तिची बहीण, आणि पोर्तुगीजांनी आपल्या घरात अर्धं सामान आधीच आणून ठेवलंय. 'पगार' म्हणजे स्पॅनिशमध्ये पैसे देणं, साबण म्हणजे 'हाबोन'. सीताफळाचं सख्खं भावंड इथे 'चिरिमोया' म्हणून विकायला असतं. भाजलेल्या जवाचं पीठ दुधात कालवून खातात, त्याला 'माचिका' म्हणतात. मी पहिला घास घेतला आणि आजीच्या सातूच्या पिठाची आठवण होऊन डोळ्यांत पाणी आलं. पेरू मात्र शेजारच्या देशाचं नाव आहे, फळाचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी बाजारात अर्धा किलो पेरू देश मागितला.

पण जीव जडला तो एका वेगळ्याच गोष्टीवर. पुस्तकातल्या स्पॅनिशमध्ये 'आण' म्हणायचं तर सरळ 'आण' म्हणतात. इथली डोंगराकडची माणसं म्हणतात, 'देमे त्रायेन्दो'. शब्दशः लावलं तर 'आणून द्या'. 'देमे विएन्दो' म्हणजे बघून द्या, 'देमे आब्रिएन्दो' म्हणजे उघडून द्या. माझी स्पॅनिशची शिक्षिका माद्रिदच्या पुस्तकातून शिकवायची, तिला ही इथली बोली जरा गावंढळ वाटायची. मला ऐकल्याबरोबर कळली! नुसतं 'आण' म्हटलं की हुकूम होतो आणि 'आणून दे' म्हटलं की गोड होतं, हे मराठी बाईला कोणी शिकवायचं? हे वळण स्पॅनिशमध्ये किच्वातून आलंय. किच्वा ही इथल्या मूळ लोकांची भाषा, क्रियापद शेवटी ठेवणारी, आपल्यासारखी. आता या प्रांतात ती बोलणारे फार थोडे उरलेत. राज्यघटनेत तिला मान आहे, बाजारात ती ऐकू येत नाही. राहिलीय ती अशी, जिंकणाऱ्याच्या भाषेच्या पोटात. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. मला त्या दिवशी किच्वा आठवली आणि मी गप्प राहिले.

मंगळवारी-शुक्रवारी मी 'दिएस दे आगोस्तो' बाजारात जाते. त्याच दिवशी तिथे बायका पानांच्या जुडीने आणि अंड्याने पोरांची दृष्ट काढतात. माझी भाजीवाली मला 'कासेरिता' म्हणते, मीही तिला 'कासेरिता'च म्हणते. नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीची विकणारी, दोघींना एकच शब्द. वजन झाल्यावर ती दोन बटाटे वर टाकते, त्याला 'यापा' म्हणतात, आणि टाकले नाहीत तर मागायची मुभा असते. ही बाई चार वर्षांत माझ्यासाठी एकदाही इंग्रजीकडे वळली नाही. सुरुवातीला मी चुकायचे तेव्हा ती हळू बोलायची, बोटं दाखवायची, हसायची, पण बोलायची स्पॅनिशच. मला कोणी दम दिला नाही. माझ्यासाठी कोणी आपली भाषाही सोडली नाही. त्यामुळे मला ती यावी लागली.

दादरला गेले की मी बघते, समोरचा अडखळला की आपला माणूस तिसऱ्या शब्दाला हिंदीत शिरतो. मग घरी येऊन ग्रुपवर लिहितो की मराठी कोणी शिकत नाही. भाच्याला मी हे लिहिलं. तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो. शिकलंच पाहिजे." हो, शिकलंच पाहिजे, आणि येणाऱ्यानेच शिकलं पाहिजे. यात मी त्याच्या बाजूची आहे. शहराच्या पश्चिमेला उंच इमारतींची एक रांग आहे, लोक तिला 'ग्रिंगोलांदिया' म्हणतात, ग्रिंगो म्हणजे गोऱ्या परदेशी लोकांचा मुलूख. तिथले काही अमेरिकन म्हातारे दहा-दहा वर्षं राहूनही दुभाष्याला पैसे देऊन डॉक्टरकडे जातात, आणि बँकेत इंग्रजी कसं येत नाही म्हणून कुरकुरतात. आमच्या इमारतीत असा एक आहे. लिफ्टमध्ये तो मला म्हणतो, हे लोक फार प्रेमळ आहेत. मला विचारावंसं वाटतं, तुला कसं कळलं?

पण इथवर आलं की भाच्याची आणि माझी वाट वेगळी होते.

माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला. मी नववीत असताना वडिलांनी पागडी घेऊन खोली सोडली आणि आम्ही डोंबिवलीला गेलो. मजल्यावरचे बाकीचेही असेच गेले, कोणी बोरिवली, कोणी विरार. आम्हाला हिंदीने काढलं नाही, गुजरातीनेही नाही. ज्या शेठने शेजारच्या तीन खोल्या घेतल्या तो आमच्याशी उत्तम मराठी बोलायचा, गणपतीची वर्गणी सगळ्यात जास्त त्याची असायची. आम्हाला काढलं ते जागेच्या भावाने. आज गोव्यात आसगावला दिल्ली-मुंबईचे लोक घरं घेतात, त्यांनी उद्या अस्खलित कोंकणी बोलायला सुरुवात केली तरी आसगावच्या पोराला आसगावात घर परवडणार आहे का? कोकणातल्या जमिनींचं तेच.

इथे तो शेठ मी आहे.

लोकांना मी भारतातली आहे हे सांगितलं की ते मला 'इंदू' म्हणतात. 'इंदियो' म्हणजे इथला मूळचा माणूस, कोलंबसाची चूक अजून चालू आहे, म्हणून आपल्याला 'इंदू', मग धर्म कुठलाही असो. इंदू माझ्या आत्याचं नाव, त्यामुळे मला हाक आवडते. भाजीवालीला मी ग्रिंगा वाटत नाही. वर्णाने मी तिच्या जवळची आहे. पण घरभाड्याला वर्ण कळत नाही. आमच्या घरमालकिणीची मुलगी आणि मुलगा न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये आहेत. या प्रांतातल्या पुष्कळ घरांतली माणसं तिकडे आहेत. त्यांच्या डॉलरवर गावोगाव तीन-तीन मजली घरं उभी राहिलीत आणि आत एकटी आई किंवा एकटे वडील. हे चित्र मला पुण्यात नव्याने बघायची गरज नाही. तिची मुलगी तिकडे लोकांची घरं साफ करते, आणि मी तिकडचं घर विकून तिच्या आईच्या घरात राहते. दोघींचा प्रवास एकाच विमानमार्गावर, उलट दिशेने.

मालकीणबाई 2025 च्या सप्टेंबरच्या 16 तारखेला मला मोर्चाला घेऊन गेल्या. शहराच्या डोक्यावर किम्साकोचाचं माळरान आहे, काही नद्यांचं पाणी तिथून येतं. तिथे सोन्याची खाण नको म्हणून अख्खं गाव रस्त्यावर उतरलं होतं. मोर्चाचं नाव 'पाचवी नदी'. चार नद्यांचं गाव, पाचवी माणसांची. आम्ही दोघी कडेला उभ्या राहून पाण्याच्या बाटल्या देत होतो. बाई म्हणाल्या, पाच वर्षं झाली की तुम्हालाही मत देता येईल. खरंच आहे, कायदेशीर राहून पाच वर्षं झाली की परदेशी माणसाला इथली राज्यघटना मताचा हक्क देते. भारतात, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर, मला मत नाही, आणि बिहारहून मुंबईला आलेल्याने नाव नोंदवलं की ग्रुपवर बोंब होते. मी मत देईन का? पाण्यासाठी देईन बहुतेक. भाड्यावर मर्यादा घालायचा प्रश्न मतपेटीत आला तर माझा हात कुठे जाईल, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

कारण ऑक्टोबरात मालकीणबाई वर आल्या होत्या. हाताशी हात चोळत, त्या गोड वळणात म्हणाल्या, दरमहा थोडं वाढवून द्याल का? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही, लगेच हो म्हटलं. न्यू जर्सीच्या हिशेबात ती वाढ म्हणजे दोन माणसांचं हॉटेलातलं जेवण. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेलाही तोच आकडा सांगितला गेला. तिने नऊ वर्षं तिथे काढली होती. माझी क्रियापदं तिनेच जिन्यात उभं राहून सुधारली होती, पुस्तकवालीने नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी टेम्पो आला. ती शहराबाहेर रिकाउर्तेला चालली होती, बहिणीजवळ, बसने पाऊण तास. मी खाली गेले, हातात शंकरपाळ्यांचा डबा होता, काय बोलावं सुचत नव्हतं. चार वर्षांची स्पॅनिश कुठे गेली कोण जाणे. तिच्या दोन्ही हातांत खोकं होतं आणि इमारतीचं लोखंडी दार आपोआप बंद होणारं. ती हसून म्हणाली, 'वेसिना, देमे तेनिएन्दो ला पुएर्ता'.

शेजारीणबाई, दार धरून द्या.

डबा पायरीवर ठेवला आणि दार धरलं. एकवीस खोकी गेली, एक गादी, एक शिवणयंत्र.