‘दारूविक्रीची वेळ वाढल्याने काहीच बिघडत नाही’ या दाव्याला उत्तर

इंग्लंडमधील आमच्या गावात एका सुपरमार्केटने दारूविक्रीची वेळ रात्री दहावरून बारापर्यंत वाढवून मिळावी असा अर्ज काउन्सिलकडे केला आहे, आणि त्यासंबंधीचा एक संदेश गेल्या आठवड्यात इथल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात पोहोचला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला प्यायची तो कुठूनही आणून पितोच, दुकान तसेही बारापर्यंत उघडे असते, मग बाटली विकली तर बिघडले कुठे, गोंधळ पबमुळे होतो, सुपरमार्केटमुळे नव्हे, आणि काउन्सिलचे आधीच ठरलेले असल्यामुळे हरकत घेणे व्यर्थ आहे, फार तर सह्यांचे निवेदन द्यावे. यातला शेवटचा मुद्दा लोकांना चुकीच्या समजुतीने घरी बसवणारा आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘पिणारा पितोच’ हे व्यसनात पुरता अडकलेल्या माणसाबद्दल बरेचसे खरे असेल. पण रात्री अकराला दुकानात येणारे सगळे तसे नसतात. घरी बसून पिताना बाटली संपली, अजून एक हवीशी वाटली आणि दुकान उघडे आहे हे ठाऊक असल्यामुळे उठून निघाले, अशी ती खरेदी असते. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने मार्च २०१० पासून दुकाने आणि पेट्रोल पंपांवरची दारूविक्री रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत बंद केली होती. पब आणि रेस्टॉरंट मात्र चालूच होती. त्या काळाचा अभ्यास झाला तेव्हा दारूमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या किशोरवयीन आणि तरुण मुलांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. नऊ वाजता घेऊन ठेवायला त्यांना कोणी अडवले नव्हते, तरीही हा फरक पडला. (ती बंदी २०१७ च्या अखेरीस उठवण्यात आली, हेही सांगितले पाहिजे.) स्कॉटलंडमध्ये तर घरी नेण्याची दारू सकाळी १० ते रात्री १० याच वेळेत विकता येते, आणि तिथे दारूबंदी आहे असे कोणी म्हणत नाही.

‘दुकान उघडेच असते’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात की दुकान ज्या वेळेत उघडे असेल त्या वेळेत त्याला सर्वसाधारणपणे दारू विकू द्यावी. पण त्याच वाक्यात ‘वेळ मर्यादित ठेवण्यास सबळ कारण नसल्यास’ अशी अटही आहे, आणि संदेशात नेमकी तीच गळली आहे. सबळ कारण कशाला म्हणायचे हे २००३ च्या परवाना कायद्यातील चार उद्दिष्टांवरून ठरते: गुन्हे व बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे संरक्षण. या दुकानामागच्या पायवाटेने मी मुलीला शाळेत सोडायला जाते. शनिवारी रात्री तिथल्या बाकाभोवती जे चालते त्याच्या काचा सोमवारी सकाळीही तिथेच असतात, आणि तेवढ्या पट्ट्यात तिचा हात धरून तिला कडेने न्यावे लागते.

पबचा मुद्दा उलटा आहे. पबमध्ये ग्राहक तासन्‌तास कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर असतो. सुपरमार्केटमध्ये कर्मचाऱ्यांना तो दिसतो तो बिल होईपर्यंतचे काही क्षणच. नशेत असलेल्याला दारू विकणे दोन्हीकडे गुन्हाच आहे, पण स्वतः बिल करायच्या सहा यंत्रांवर रात्री एकच मुलगी लक्ष ठेवून असते, लाल दिवा लागला की धावत येते, चेहरा पाहून वयाची खात्री करते आणि पुढच्या यंत्राकडे वळते. तिने आणखी काय पाहावे? शिवाय दारूतल्या अल्कोहोलच्या प्रमाणानुसार किमान किंमत स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ठरलेली आहे, तशी इंग्लंडमध्ये नाही, त्यामुळे पबपेक्षा पुष्कळ स्वस्त दारू सुपरमार्केटमध्येच मिळते.

आता ‘हरकत व्यर्थ आहे’ हा दावा. वस्तुस्थिती अशी आहे की २८ दिवसांच्या मुदतीत कोणाचीच ग्राह्य हरकत (म्हणजे वरच्या चार उद्दिष्टांपैकी एखाद्याला धरून घेतलेली) आली नाही, तर वाढीव वेळ मंजूर करण्यावाचून काउन्सिलला पर्यायच राहत नाही; कायद्याने त्यांचा हात तिथे बांधलेला आहे. एक जरी ग्राह्य हरकत आली, तरी सुनावणी घ्यावी लागते (काउन्सिल, अर्जदार आणि हरकत घेणारे या सगळ्यांनीच ती नको म्हटले तर गोष्ट वेगळी), आणि काउन्सिलची परवाना समिती अर्ज नाकारू शकते, अकरापर्यंतच परवानगी देऊ शकते किंवा अटी घालू शकते.

सह्यांच्या निवेदनाची कल्पना आपल्याकडे कुठून आली असावी हे मला कळते. महाराष्ट्रात गावच्या बायका एकत्र येऊन ‘आडव्या बाटली’ला मतदान करतात आणि बहुमताने दुकान बंद पाडतात, ही आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण इथे मतमोजणी नसते. ‘आम्हाला दारूचे दुकान नको’ एवढ्याच मजकुराखाली दोनशे सह्या असल्या, तरी चार उद्दिष्टांपैकी एकाशीही त्याचा संबंध दाखवला नसेल तर समिती त्याला वजन देऊ शकत नाही. याउलट तारीख, वेळ, जागा आणि काय घडले एवढे लिहिलेल्या एकाच पत्राची दखल घ्यावी लागते. प्रकृतीवर दुष्परिणाम होतो हा युक्तिवादही एकट्याने पुरत नाही, कारण सार्वजनिक आरोग्य हे स्कॉटलंडमध्ये उद्दिष्ट आहे, इंग्लंडमध्ये नाही.

अर्जाची फिकट निळी सूचना दुकानाच्या दाराजवळ, ट्रॉलींच्या रांगेमागे लावलेली आहे. हरकतीची शेवटची तारीख तिच्यावरच आहे. माझ्या पत्रात पायवाटेवरच्या तीन सकाळींच्या तारखा आहेत आणि विक्री रात्री दहालाच थांबावी अशी मागणी आहे. त्या वाटेने जाणाऱ्या इतरांनी आपापल्या तारखा लिहून पाठवाव्यात.