फणस पडण्यापूर्वी

घराचा विमा उतरवणे फार सोपे आहे. हप्ता भरण्यापलीकडे त्यासाठी आपल्याकडून कोणतीही पात्रता अपेक्षित नसते. विम्याची रक्कम मिळवणे हा मात्र साधनेचा विषय आहे, आणि साधना संकट येण्याच्या पुष्कळ आधी सुरू करावी लागते. गोव्यातील फोंडा तालुक्यात असलेल्या आमच्या वडिलोपार्जित घरावर गेल्या पावसाळ्यात परसातला फणस कोसळला, तेव्हा मी अगदीच अननुभवी होतो. आपली तशी गत होऊ नये म्हणून, आणि आपल्याही परसात एखादे झाड असेलच असे गृहीत धरून, हे चार शब्द लिहीत आहे.

सर्वप्रथम आपत्तीची निवड काळजीपूर्वक करावी. घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून देशभर लागू केली. (तारखेवरून कोणी काही अर्थ काढू नये.) पुढे दीड महिन्यातच तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि २३ जुलैला सत्तरी-डिचोलीत पाणी घरांत शिरले, म्हणजे नव्या पॉलिसीची परीक्षा घेण्यात निसर्गाने कसलीही दिरंगाई केली नाही. या पॉलिसीत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, घरावर आदळणारे वाहन, पडणारे झाड, इतकेच काय, क्षेपणास्त्रांच्या चाचणीमुळे होणारे नुकसानही समाविष्ट आहे. आमच्या गावात आजवर एकही घर क्षेपणास्त्राने पडलेले नाही, परंतु ती सोय आहे हे कळल्यापासून आम्ही निश्चिंत झोपतो. गोव्यातील घरे प्रत्यक्षात ज्या कारणांनी पडतात ती ओल, वाळवी, गंज आणि वर्षानुवर्षांची झीज मात्र पॉलिसीच्या बाहेर आहेत. समुद्र किंवा नदी हळूहळू काठ खात आपल्या भिंतीपर्यंत आली आणि जमीन खचली, तर तेही बाहेर. तेव्हा आपले घर पाडायचेच असेल तर ते एकदम, मोठा आवाज करून, साक्षीदारांसमोर आणि पॉलिसीच्या मुदतीत पडेल असे पाहावे. तीस पावसाळे सोसून सोशिकपणे खचत जाणारे घर हे विमाशास्त्राच्या दृष्टीने संस्कारहीन घर होय.

फणस पडला ही त्या मानाने आमची पुण्याईच. आढ्याच्या डाव्या बाजूचे पाखे बसले, सात वासे मोडले, कौलांचा चुरा माजघरात पसरला आणि जुलैचा पाऊस विनापरवानगी आत आला. अग्निशामक दलाच्या जवानांनी दोन तासांत झाड कापून बाजूला केले, आणि मी उत्साहाने कंपनीला फोन लावला.

फोनवर काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये याचा सराव करावा. ‘पाणी आले’ असे कधीही म्हणू नये. पाणी अनेक मार्गांनी येते आणि त्यातील बहुतेक मार्गांना भरपाई नाही. वादळाने किंवा झाडाने छपराला भगदाड पाडले व त्यातून पाणी आले, हे वाक्य पाठ करावे आणि कुटुंबातील सर्वांकडून, लहान मुलांसह, रोज तिन्हीसांजेला शुभंकरोतीनंतर म्हणवून घ्यावे. ‘ओल’ हा शब्द घरातून हद्दपार करावा. ‘गळते’ हे क्रियापद तर आपल्याला येतच नाही असे वागावे.

त्यानंतर ताडपत्रीचा प्रश्न येतो आणि येथे भले भले गडबडतात. पॉलिसीधारकाने नुकसान वाढू नये यासाठी योग्य ती सर्व काळजी घेतली पाहिजे, असे पॉलिसी सांगते. नुकसान सर्व्हेअरला, म्हणजे ते तपासून त्याची किंमत ठरवणाऱ्या गृहस्थांना, पाहता येईल अशा स्थितीत ठेवावे, असे फोनवरील मुलीने सांगितले. दोन्ही सूचना रास्त आहेत आणि दोन्ही एकाच छपराबद्दल आहेत. ताडपत्री घातली तर नुकसान दिसत नाही. न घातली तर वाढते, आणि वाढलेले नुकसान आपल्या निष्काळजीपणाचे ठरते. मी म्हापशाच्या बाजारात पारदर्शक ताडपत्रीची चौकशी केली. दुकानदाराने मला एवढेच विचारले, “क्लेम आहे का?” अखेर साधी निळी ताडपत्री घालून मी ती सर्व्हेअर येईपर्यंत दिवसातून दोनदा वर करून फोटो काढत होतो, आणि त्या प्रत्येक वेळी थोडा पाऊस आत येत होता. याची भरपाई कोणत्या कलमात मागावी हे अजून ठरलेले नाही.

कालमर्यादेबाबत आपण निश्चिंत असावे. २०२४ साली नियामकाने स्पष्ट केले आहे की दाव्यासाठी सर्व्हेअर चोवीस तासांत नेमला जावा, त्याचा अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि अहवाल हाती आल्यापासून सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. आमचे सर्व्हेअर खरोखरच चोवीस तासांत नेमले गेले. ते बेळगावला होते. नेमणूक आणि आगमन या दोन वेगळ्या घटना आहेत हे मला नवव्या दिवशी कळले, जेव्हा ते चोर्ला घाट उतरून, भिजलेल्या फाइलसह आमच्या अंगणात आले.

सर्व्हेअरच्या भेटीच्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांना नातेवाइकांकडे पाठवावे, ही माझी आपल्याला सर्वांत कळकळीची सूचना आहे. गृहस्थ सज्जन होते, दमून आले होते, आणि पंच्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईला भिजून आलेल्या कोणत्याही माणसाबद्दल एकाच प्रकारची भावना होते. तिने त्यांना टॉवेल दिला, चहा आणला, आणि ते पडवीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळताच म्हणाली, “अहो, तिथे नका बसू, त्या कोपऱ्यात पहिल्यापासून ठिबकतं.” सर्व्हेअरनी चहाचा कप खाली ठेवला आणि पेन उचलले. “पहिल्यापासून म्हणजे साधारण कधीपासून, आजी?” त्यांनी फार प्रेमाने विचारले. आईने माझ्या मुंजीच्या वर्षापासून हिशेब सांगितला. त्या एका वाक्याची किंमत पुढे पत्रातून कळली: अडतीस हजार रुपये. तिने त्यांना निघताना फणसाच्या साटांची पुडीही दिली. तिचा अहवालात उल्लेख नाही.

नुकसानीपूर्वीचे फोटो हवेत, हे आपल्याला कोणीही सांगेल. घर धडधाकट असताना त्याच्या वाशांचे फोटो काढणारा माणूस आपल्या समाजात वेडा समजला जातो, त्यामुळे आमच्याकडे छपराचा एकच फोटो निघाला, तोही चवथीचा. गणपतीच्या वर माटोळी बांधलेली, तिला नारळ, सुपारीचे घड आणि तवशी लटकलेली, आणि त्यांच्यामागे पुराव्यादाखल थोडेसे छप्पर. मी तो अभिमानाने सादर केला. सर्व्हेअरनी तो फोनवर दोन बोटांनी मोठा केला, गणपतीला नमस्कार केला, आणि एका तवशामागे वाशावर असलेला काळपट डाग मला दाखवला. तेव्हा पुढच्या चवथीला माटोळी बांधण्यापूर्वी छपराचे स्वतंत्र, निधर्मी असे फोटो काढून ठेवावेत.

आता मालकी. आपण ज्या घरात जन्मलो, ज्याची घरपट्टी भरतो आणि ज्याच्या विम्याचा हप्ता आपल्या बँक खात्यातून जातो ते घर आपले आहे, असा आपला समज असल्यास तो गोव्यात तरी सोडून द्यावा. आमच्या घराची घरपट्टी पंचायतीच्या वहीत अजून आजोबांच्या नावावर आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, अकरा नावे आहेत. त्यांतील सहा जण दिवंगत, तिघे मुंबईत, एक लिस्बनमध्ये आणि एक मी. इन्व्हेंटरी (म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी) करायची हे १९८७ पासून प्रत्येक चवथीला ठरते आणि विसर्जनासोबत विसर्जित होते. हप्ता स्वीकारताना यातील कोणीही आडवे आले नव्हते. आजोबांनीही हरकत घेतली नाही. दावा दाखल होताच मात्र कंपनीला आमच्या वंशवृक्षाविषयी जी जिज्ञासा वाटू लागली ती आमच्या कुळाच्या इतिहासात अभूतपूर्व होती. कागदपत्रांअभावी कोणताही दावा फेटाळू नये, आवश्यक कागद पॉलिसी देतानाच घ्यावेत, असे नियामकाचे म्हणणे आहे. आणि मला नमूद केले पाहिजे की कंपनीने आमचा दावा अजिबात फेटाळला नाही. तिने फक्त प्रेमाने वाट पाहिली.

बिलांविषयी थोडक्यात सांगतो, कारण आठवले की रक्तदाब वाढतो. आमची कौले मंगळुरी, जुन्या मापाची. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे गोव्यातील अर्धीअधिक छपरे त्या वळणाच्या कौलांनी झाकली गेली. आजची कौले जुन्या कौलांच्या खाचेत बसत नाहीत; म्हणून आमच्याकडे माणसे पाडलेल्या घरांची कौले विकत घेतात आणि छप्पर जुळवतात. पाडलेल्या घराचा मालक कौलांचे जीएसटी बिल देत नाही. वासे बसवणारा सुतार तर बिल हा शब्द ऐकून इतका दुखावला की दोन दिवस कामालाच आला नाही. आपण घर दुरुस्त करावे की बिले गोळा करावीत हे आधीच ठरवून घ्यावे. दोन्ही एकाच पावसाळ्यात होत नाही.

अखेर पत्र आले. आमचा अंदाज एक लाख श्याऐंशी हजारांचा होता. त्यातून पूर्वीपासूनच्या ओलीचे अडतीस हजार (आईचे वाक्य), वाळवी लागलेल्या वाशांचे सेहेचाळीस हजार आणि पुराव्याअभावी बेचाळीस हजार वजा होऊन बरोबर साठ हजार मंजूर झाले. कागद नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही, पण रक्कम फेटाळण्यास कोणाचीच ना नसावी. वाळवीच्या बाबतीत मला कंपनीचे कौतुक वाटते: जो वासा फणसाखाली सापडेपर्यंत पन्नास वर्षे छप्पर उचलून उभा होता, तो मोडल्यावर मुळातच मोडलेला होता हे शोधून काढायला दृष्टी लागते. ढिगारा हलवण्याचा खर्चही पॉलिसीत आहे, दाव्याच्या रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत. साठ हजारांचे दोन टक्के बाराशे होतात. टेम्पोवाल्याने साडेसहा हजार घेतले. दोन टक्क्यांचा ढिगारा कोणता आणि उरलेला कोणता हे त्याला समजावण्याचा मी प्रयत्न केला, परंतु त्याचे इन्शुरन्सचे वाचन कमी पडले.

आपल्या घरावर कर्ज असेल तर हे सर्व वाचून खिन्न होऊ नये, कारण अशा पॉलिसीत बहुधा बँकेचे नाव आधी असते आणि भरपाई तिकडेच जाते. आपल्याला केवळ छप्पर दुरुस्त करायचे उरते.

पत्रासोबत एक पावती येते, तिच्यावर ‘पूर्ण आणि अंतिम’ असे शब्द असतात. सही केल्याशिवाय पैसे नाहीत असे सांगितले जाते आणि गळके छप्पर माणसाला फार लवकर समाधानी करते. दबावाखाली केलेल्या अशा सहीने ग्राहकाचा हक्क संपतोच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच म्हटलेले आहे; पण आपण तेवढ्यावर धीट होऊन ‘रक्कम निषेधासह स्वीकारली’ असे पावतीवर लिहू नये. तसे लिहिणारी माणसे नंतर फार चिवट निघतात आणि कंपनीच्या सौजन्यपूर्ण वातावरणाला तडा जातो.

विमा लोकपालाकडे जाण्याचा विचारही मनातून काढून टाकावा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर उत्तराची वाट पाहायची आणि मग वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचे, एवढाच त्याचा विधी. शुल्क नाही, वकील चालत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. जी गोष्ट फुकट आहे, वकिलाशिवाय होते आणि लागूही पडते, तिच्यात काही तरी गोम असणारच असे मानून आपल्याकडची शहाणी माणसे तिच्यापासून दूर राहतात. शिवाय गोव्याचे प्रकरण मुंबईच्या लोकपालाकडे जाते, आणि मुंबईला जायचे म्हटले की आपल्याला सांताक्रूझच्या मावशीकडे उतरावे लागते, जिचे नाव एक-चौदावर आहे. सुनावणी आता व्हिडिओवरही होऊ शकते ही माहिती मी मुद्दाम शेवटी देत आहे, म्हणजे एव्हाना आपण वाचणे थांबवलेले असेल.

मी स्वतः तक्रार केली आहे. लेखी, कंपनीकडे, पोच घेऊन. आज सव्विसावा दिवस आहे.

दरम्यान नूतनीकरणाची नोटीस वेळेआधी आली. तिच्यासोबतच्या अर्जात ‘घराच्या परिसरात मोठी झाडे आहेत काय?’ असा नवा रकाना आहे. फणस गेला, पण विहिरीजवळचा मानकुराद आंबा आहे आणि तो तौक्तेपासून किंचित घराकडे झुकलेला आहे. ‘किंचित’ हा शब्द आईच्या कानावर जाणार नाही याची मी दक्षता घेतली आहे. दर रविवारी सकाळी मी अंगणात स्टूल मांडून छपराचा, वाशांचा आणि आंब्याचा फोटो काढतो. तारखेबद्दल कोणाला शंका राहू नये म्हणून पत्नी त्या दिवसाचे वर्तमानपत्र छातीशी धरून मध्ये उभी राहते. गेल्या रविवारी शेजारचे भाऊ कुंपणाशी थांबले, बराच वेळ पाहत राहिले आणि आमच्या पत्नीला त्यांनी हळूच विचारले, “वहिनी, सगळं ठीक आहे ना?”